लाखेची तबकडी आणि नवा अल्बम



दिल्लीच्या ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’चा ‘बीटा’ हा अल्बम २०२४ च्या ऑगस्टमध्ये आला. नावात कंपनी असली तरी हा पाच तरुणांचा बँड आहे. अल्बम तबकडीवरही निघाला. अकरावीतल्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, मोबाईलवर मिळणारी गाणी लोक तबकडीवर विकत का घेतात?”

थोडी फॅशन आहे, हे खरेच. पण अमेरिकेत २०२२ साली सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या विकल्या गेल्या आणि सीडी ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर प्रथमच असे घडले. नुसत्या फॅशनवर एवढी विक्री होत नसावी.

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते आणि एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटे मावतात. सुई जसजशी आत सरकते तसतशी खाच तिच्याखालून हळू जाते आणि बारीक, तीव्र सूर बोथट होतात. म्हणून जोरकस गाणी बहुधा बाजूच्या सुरुवातीला आणि शांत गाणी शेवटी ठेवतात. म्हणजे गाण्यांचा क्रम कोणीतरी विचार करून लावलेला असतो. मोबाईलवर आपण अर्धे गाणे ऐकतो आणि बोट पुढे सरकवतो. तबकडीची बाजू उलटायला मात्र जागेवरून उठावे लागते.

त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असत. (आमच्या घरी तिला ‘तवा’च म्हणत, ‘तबकडी’ हा शब्द मला पुष्कळ उशिरा मिळाला.) पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवर किडे जी लाख करतात, तीच ही, आपल्या बालाघाट-सिवनीच्या रानातलीही. तीत दगडाची भुकटी मिसळून तबकडी दाबत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटेच मिळत. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांना एवढ्यातच राग उभा करावा लागे. १९०२ साली कलकत्त्यात गाताना गौहरजान गाण्याच्या शेवटी आपले नाव सांगत, कारण तबकड्या तयार होत जर्मनीत, आणि तिथल्या कारागिरांना आवाज कोणाचा हे कळायला हवे होते.

आता मुद्द्याचे. आपल्या शाळेच्या कपाटात अशा चाळीसेक जुन्या तबकड्या आहेत. जागा मोकळी करण्यासाठी त्या कबाड्याला द्याव्यात अशी सूचना बैठकीत आली. जागेची अडचण मी रोज पाहतो, तरीही माझा विरोध आहे. रद्दीच्या भावाने जे चार पैसे येतील त्यात एक फळाही होणार नाही.

मदतीला येणाऱ्या मुलांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. लाखेची तबकडी स्पिरिटने पुसू नये. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मऊ कोरडे फडके पुरे. आणि एलपीची बारीक सुई ७८ च्या रुंद खाचेवर ठेवू नये, तिला वेगळी सुई लागते. एका पालकांनी फोनो दुरुस्त करून देण्याचे कबूल केले आहे.

त्या विद्यार्थिनीला मी सांगितले की एवढी महाग तबकडी घेण्याची घाई करू नकोस. फोनो आला की शनिवारच्या शेवटच्या तासाला कपाटातली एक तबकडी लावू. बाजू पूर्ण होईपर्यंत कोणी उठायचे नाही. बाजू उलटायला तिलाच बोलावणार आहे.