कोंब, पान, कळी

चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्याबरोबर दवणा वाहिला जातो. हा दवणा म्हणजे आर्टेमिसिया पॅलेन्स. चीन, जपान, कोरिया आणि युरोपात शतकानुशतकं घरगुती वापरात असलेलं मगवर्ट त्याच्याच कुळातलं. वनस्पतींची अभ्यासक म्हणून मला या झुडपाच्या गुणांइतकंच, ते वापरणाऱ्या लोकांच्या वेळेच्या जाणिवेचं अप्रूप वाटतं. झाड एकच, पण त्याचं वय बदललं की त्याचं कामही बदलतं.

वसंतात कोंब फुटतात आणि ते थेट स्वयंपाकघरात जातात. जपानी घरांत योमोगीची, म्हणजे तिथल्या मगवर्टची, कोवळी पानं उकळून त्यांचा कडवटपणा काढतात, वाटतात आणि चिकट तांदळाच्या पिठात मळतात. त्यातून हिरवा, रानवासाचा कुसामोची तयार होतो. कोरियात हाच पाला सोयाबीनच्या आंबवलेल्या पेस्टबरोबर सूपमध्ये शिजतो. तिथल्या दंगुनच्या पुराणकथेत माणूस होऊ पाहणाऱ्या अस्वलाला आणि वाघाला गुहेत राहून खायला दिलं होतं ते हेच झुडूप आणि लसूण. वाघ पळाला, अस्वल टिकलं आणि त्याची स्त्री झाली; तिचा मुलगा दंगुन हा कोरियाचा आद्य राजा मानला जातो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी पान जून होतं. चिनी पंचांगाच्या पाचव्या महिन्यातल्या पाचव्या दिवशी, दुआनवू सणाला, रोगराई दूर राहावी म्हणून दारावर याच्या जुड्या टांगतात.

पानाची खालची बाजू पांढुरकी दिसते, कारण तिच्यावर दाट लव असते. वाळलेली पानं कुटून चाळली की शिरा आणि चुरा गळून पडतो आणि ही लव मऊ पुंजक्यासारखी मागे राहते. तिलाच मोक्सा म्हणतात. ती मंद जळते, म्हणून शरीरावरच्या ठरावीक बिंदूंना शेक देण्यासाठी वापरतात. जपानात इबुकी पर्वताचा मोक्सा नावाजलेला. 1689 साली उत्तरेच्या लांबच्या पायी प्रवासाला निघण्यापूर्वी कवी बाशोनं पायांना हाच शेक दिला होता. साठवून मुरवलेलं पान अधिक चांगलं, हे चीनमध्ये फार पूर्वीपासून मानतात. सात वर्षांच्या दुखण्याला तीन वर्षं मुरलेलं पान हवं, असा दाखला तत्त्वज्ञ मेन्शियसच्या ग्रंथात येतो.

जर्मनीत मात्र नजर कळीवर असते. फुलं उमलण्याआधीच शेंडे खुडून वाळवतात आणि भाजायच्या बदकात किंवा हंसात भरतात. चरबीदार मांसाला हा कडवटपणा मानवतो. कळी उमलली की चव जास्त कडू होते आणि स्वयंपाक्याच्या दृष्टीनं हंगाम संपतो.

फुलोऱ्याचे परागकण अनेकांना ॲलर्जीचा त्रास देतात आणि गरोदरपणात मगवर्ट औषध म्हणून पोटात घेणं टाळलं जातं. परंपरा जुनी असली, तरी हे दोन धोके तिच्याबरोबरच सांगायला हवेत.

आपल्या दवण्याचा मात्र फुलोराच मोलाचा. अत्तरासाठी लागणारं तेल मुख्यतः त्याच्या फुलांत साठतं. म्हणून दक्षिणेत, विशेषतः कर्नाटकात, दिवाळीच्या सुमारास नोव्हेंबरमध्ये पेरलेलं पीक फेब्रुवारी-मार्चमध्ये बहरात असतानाच कापतात. चैत्र त्यानंतर लगेच येतो.