डाळीच्या डब्यातल्या गोळ्या

आमच्या सोलापूरच्या घरी तूरडाळीच्या डब्यात एक पुडी असायची, माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या गोळ्यांची. आल्यागेल्याच्या नजरेस पडू नये म्हणून मीच ती तिथं लपवली होती, खोटं कशाला सांगू! बाईंना अन्न गोड लागेना, रात्र रात्र झोप नाही. डॉक्टरांनी नैराश्याचा आजार सांगितला. पण दहा दिवसांत गुण दिसेना म्हणून आम्हीच गोळ्या बंद केल्या आणि बाईंनी पुन्हा अंथरूण धरलं. माझी लेक तेव्हा आठवीत होती. तिनं विचारलं, "आई, तापाची गोळी तासाभरात लागू पडते, मग काकूची का नाही?"

तो प्रश्न काही तिनं सोडला नाही. बी.फार्म. झाली आणि म्हणाली, "मला मेंदूविज्ञान शिकायचंय, मनाच्या आजारांवरच्या औषधांचं संशोधन करायचंय." सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, वेड्यांचं शिक्षण घेतलेल्या पोरीला उजवणार कशी?" मनातून मीही तेच म्हणत होते. एम.फार्म. करून इथंच नोकरी धरली असती तर काय बिघडलं असतं?

मग एका दुपारी शेंगा फोडता फोडता तिनं मला समजावलं. या गोळ्या मेंदूतल्या सेरोटोनिनसारख्या द्रव्यांवर काही तासांतच काम सुरू करतात, पण मनाला उभारी यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. मधल्या काळात मेंदूत काय काय बदलतं, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य भावना, सेरोटोनिन आणि नैराश्यावरची औषधं यांवरच संशोधन करत आल्या आहेत. २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला.

आणि आपली सर्पगंधा! मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिचा रक्तदाबावरचा गुण जगापुढे मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि दोनेक वर्षांत अमेरिकेत ते मनोरुग्णांना दिलं जाऊ लागलं. आज ते मागे पडलंय. पण मेंदूतली द्रव्यं आणि मन यांचा संबंध शोधायला त्याची मोठी मदत झाली.

तुमच्या घरी कुणी हा विचार करत असेल तर एवढं ध्यानात ठेवा. यासाठी डॉक्टरच व्हावं लागतं असं नाही. मुंबईची ही संस्था, बंगळूरची निम्हान्स, हरियाणात मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, अशी ठिकाणं आहेत. पीएच.डी.पर्यंत पाच-सहा वर्षं सहज जातात, पण अशा संस्थांत पीएच.डी.ला विद्यावेतन मिळतं. नुसतं संस्थेचं नाव पाहू नका. मार्गदर्शक कोण, त्यांचा प्रश्न कोणता, हे मुलीला आधी विचारू द्या.

तरी माझा होकार निघेना. शेवटी जाऊबाईच बोलल्या, "जाऊ दे गं तिला. ते दोन-चार आठवडे किती लांब असतात, ते मला विचार."

मी गप्प झाले. लेक सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुलाखतीला निघाली, तेव्हा कडक भाकरी आणि शेंगाचटणी जाऊबाईंनीच बांधून दिली. आता त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं नेमानं गोळ्या घेतात. पुडी ओट्यावर, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी असते. आणि हळदीकुंकवाला कुणी विचारलं, "मुलगी काय शिकते हो?" तर मी आवाज न उतरवता सांगते.