दर्याचा सातबारा

माझे आजोळ साखरीनाटे. राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीच्या तोंडाशी वसलेली मुस्लिम मच्छीमारांची वस्ती. वडिलांचे गाव खाडीपलीकडे, माडबनच्या बाजूला. लहानपणी ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तरीतून आजोळी जायचो. उतरलो की सुकत घातलेल्या मासळीच्या वासावरूनच मामूंचे घर सापडायचे.

पुढे मी मुंबईला आलो, नोकरी केली, इथलाच झालो. गावाकडे उरला तो सातबारा. वडिलांच्या पश्चात त्यावर आम्हा भावंडांची नावे चढली. जमीन म्हणजे जांभ्याचा कातळ आणि कडेला चार कलमे. ती शेवटची कधी पाहिली, हे मला सांगता आले नसते.

2007च्या सुमारास त्या कातळाची नोटीस मुंबईच्या पत्त्यावर आली. तिथे अणुऊर्जा प्रकल्प होणार होता. पुढे त्याचा आराखडा 9900 मेगावॅटपर्यंत गेला. सहा अणुभट्ट्या आणि पाच गावांतली 938 हेक्टर जमीन.

सुट्टीत आजोळी गेलो तेव्हा नोटीस मामूंना दाखवली. त्यांना मराठी वाचता येई, पण कचेरीचे मराठी नाही. (ते मलाही धड येत नाही.) कागद उलटसुलट पाहून ते म्हणाले, "आम्हाला कधी येणार?"

"तुमची जमीन कुठे जातेय, मामू?"

"जमीन नाही. पण पाणी?"

यंत्र थंड ठेवायला समुद्राचे पाणी आत घेतात आणि गरम झालेले परत समुद्रात सोडतात, हे त्यांना कुणाकडून तरी कळले होते. मग बांगडा काठाला थांबेल की खोल दर्यात निघून जाईल? त्याच्यामागे लहान होडी न्यायची तर डिझेल परवडेल? प्रकल्पाभोवतीच्या पाण्यात पहारा बसला तर जाळे टाकू देतील? मी पदवीधर भाचा, पण माझ्याकडे एकाचेही उत्तर नव्हते. शेवटी हसून म्हणाले, "दर्याचा सातबारा कुठल्या तलाठ्याकडे मिळतो रे?"

अणुवीज स्वच्छ आहे, असे सरकार सांगते. चिमणीतून धूर निघत नाही, हे खरेच. शिवाय माझ्या घरातला पंखा कोणत्या तरी गावाच्या जिवावरच फिरतो, तेव्हा प्रकल्पच नकोत असे म्हणायला माझी जीभ उचलत नाही. पण वर्षानुवर्षे गावाकडे न फिरकलेला मी बाधित ठरलो आणि रोज पहाटे त्या पाण्यात जाणारा माणूस कुणीच ठरला नाही, हे माझ्या पचनी पडत नाही.

16 मे 2010 रोजी जनसुनावणी झाली. 2006च्या अधिसूचनेप्रमाणे तिची सूचना किमान 30 दिवस आधी द्यायची असते आणि पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यायचा असतो. सारांशच. सगळा अहवाल वाचायचा तर इंग्रजी हवे. आणि लोकांचे म्हणणे ऐकले गेले तेव्हा भूसंपादन उरकले होते. मुलीचा निकाह लावून झाल्यावर तिला पसंती विचारावी, तसे हे. नोव्हेंबरमध्ये 35 अटींसह पर्यावरण मंजुरी मिळाली.

18 एप्रिल 2011 रोजी नाट्यात पोलीस गोळीबारात वस्तीतला एक तरुण मच्छीमार गेला. मुंबईत टीव्हीवर मी ती ओळखीची वाट पाहिली. मामूंना फोन लावला तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

2013च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबांच्या व्याख्येत मच्छीमार आणि नावाडीही आले. वाचून बरे वाटले. पण तो लागू झाला 1 जानेवारी 2014 पासून आणि आमचा कातळ त्याआधीच गेलेला. आज सौर प्रकल्पांसाठी गायराने दिली जात आहेत. तिथे गुरे चारणाऱ्याच्या हातीही सातबारा नसतो.

मामूंचे मागणे तसे साधे होते. "आधी साल-दीड साल आमच्या होडीत बसा. किती मासळी येते, कुठे येते, ते लिहून घ्या आणि तो कागद जमातीसमोर वाचा. उद्या कमी झाली तर निदान किती कमी झाली ते कळेल." अहवाल लिहिणाऱ्या कुणाला यापेक्षा शहाणपणाचे काही सुचले असेल, असे मला वाटत नाही.

2013 साली मोबदला हेक्टरी साडेबावीस लाख झाला. भावंडांनी चेक घ्यायचे ठरवले. मीही सही केली. नाही कशाला म्हणू, मुलीची फी भरायची होती.

अजून तिथे अणुभट्टी उभी राहिलेली नाही. चेक घेतल्यावर आजोळी जायला मी वर्ष लावले. गेलो तेव्हा मामू अंगणात जाळे विणत बसले होते. चेकचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. निघताना मामींनी पिशवीत बांगडे बांधून दिले. मी पाकिटाला हात घातला तर मामू म्हणाले, "ठेव ते. भाच्याकडून कसले पैसे?"