पिस्ताचं बाळंतपण



आमच्या घरी सरडा आहे हे कळल्यापासून तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला एकच विचारतात, "अगं, जैनाच्या घरात सरडा? आणि तो खातो काय?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर दोन ओळींत मावत नाही. त्यातच यंदा आमच्या पिस्ताने पहिल्यांदा अंडी घातली. त्या निमित्ताने आज सगळं सविस्तर लिहिते.

पिस्ता ही व्हेल्ड कॅमेलियन जातीची मादी. आपल्याकडे शेताच्या बांधावर जो घोयरा सरडा दिसतो, त्याच्याच भावकीतली. रंग बदलणारी, डुलत डुलत चालणारी, डोक्यावर उंच तुरा असलेली. हिचं मूळ गाव येमेन आणि त्याला लागून असलेला सौदी अरेबियाचा भाग. अमेरिकेत हे प्राणी पाळण्यासाठी पैदास करून विकतात. आम्ही तिला विकत आणलेली नाही. इथे टेक्सासमध्ये आमच्या शेजारचं कुटुंब हवाईला राहायला गेलं. त्या बेटांवर हे सरडे न्यायला आणि पाळायला बंदी आहे, कारण सुटले तर तिथल्या पक्ष्या-किड्यांना आवरत नाहीत. तेव्हा ही जेमतेम पाच महिन्यांची होती. शेजारच्या मुलीने रडत रडत पिंजरा माझ्या लेकीच्या हातात दिला आणि गाडी निघून गेली.

आता खाण्याचं. ही जात जास्वंदीची फुलं आणि थोडा पाला खाते, पण तेवढ्यावर जगत नाही. तिला रातकिडे लागतात. म्हणजे चार इंद्रियांचे जीव. पहिल्या आठवड्यात आमच्या घरात याच एका गोष्टीवर बोलणं चाले. बाहेर सोडून द्यावी तर इथल्या हिवाळ्यात ती मरेल, आणि फ्लोरिडासारख्या उबदार ठिकाणी सोडलेले असे सरडे तिथल्या जिवांना भारी पडलेत. दुसरं घर शोधलं. एक जण तयार झाला, पण त्याला ती नराजवळ ठेवून पिल्लं विकायची होती. ते नको वाटलं. दुसऱ्याच्या हातून किडे घालावेत असंही कोणी सुचवलं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "कृत, कारित, अनुमोदना तिन्ही एकच गं. दुसऱ्याच्या हातून केलं म्हणून आपलं सुटत नाही."

शेवटी त्यांनीच वाट दाखवली. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणापासून पाठ करतो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. त्या म्हणाल्या, "बांधून ठेवलेल्या जिवाचं अन्न तोडणं हाही दोषच. तो आपल्या दारात आला नसता तर प्रश्न नव्हता. आता आलाय, तर त्याचं आयुष्य आहे तोवर त्याच्या स्वभावाचं अन्न द्यायचं. पण यात पुण्य आहे असं म्हणायचं नाही, आणि दुसरा आणायचा नाही." तेव्हापासून किडे मीच देते, मोजून देते, आणि संध्याकाळच्या प्रतिक्रमणात त्यांची आठवण ठेवते. हा तिढा सुटला असं मी म्हणणार नाही. तो रोजचा आहे.

एक गंमत मात्र सांगते. दिवे मावळले की पिस्ता फांदीवर डोळे मिटते, ती सकाळपर्यंत पाण्याचा थेंबही घेत नाही. आई तिला "आमची चौविहारवाली" म्हणतात. पाणीही ती वाटीतून पीत नाही, पानांवर फवारलेले थेंब चाटते. त्या फवाऱ्याचं पाणी आई गाळूनच भरतात.

वर्षाची झाली आणि तिचं रूप बदललं. पोपटी अंगावर गर्द हिरवा रंग चढला, त्यावर निळे-पिवळे ठिपके आले. पोट दोन्ही बाजूंनी फुगून गोट्यांनी भरलेल्या पिशवीसारखं दिसू लागलं. पुढे खाणं उतरलं, आणि एरवी फांदी न सोडणारी ती पिंजऱ्याच्या तळाशी उतरून कोपरे खरवडू लागली. आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, हिच्या पोटात अंडी आहेत. लेक म्हणाली, "पण हिने तर नर कधी पाहिलाच नाही!" तेव्हा कळलं की या जातीत नर नसला तरी मादीच्या पोटात अंडी धरतात, कोंबडीसारखीच. त्यातून पिल्लू निघत नाही, पण घालावी तर लागतातच. नाही घातली आणि आत अडकली, तर मादी दगावते.

त्या दिवसापासून घराला बाळंतपणाची कळा आली. कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून काय काय केलं ते लिहिते.

पहिलं कॅल्शियम. अंड्यांच्या कवचासाठी ते तिच्या हाडांतून निघतं. कमी पडलं तर हाडं मऊ पडतात, स्नायूंत जोर राहत नाही, आणि अंडी बाहेर ढकलायला ताकद उरत नाही. म्हणून अन्नावर कॅल्शियमची पूड रोज भुरभुरायची. ते अंगी लागावं म्हणून अतिनील किरणांचा खास दिवा दिवसभर हवा. काचेच्या खिडकीतून आलेल्या उन्हाने ते काम होत नाही, कारण काच ते किरण अडवते.

दुसरं, ऊब आणि खाणं बेताचं. बसायच्या फांदीजवळ साधारण 27 अंश सेल्सिअस पुरतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मादीला फार ऊब आणि पोटभर रोज खायला दिलं की तिचं शरीर जास्त अंडी धरतं, एकेका खेपेला साठ-सत्तरसुद्धा, आणि प्रत्येक खेप तिचं आयुष्य झिजवते. ऊनोदर फक्त आपल्यासाठीच हिताचं नाही, हे ऐकून आई खूश झाल्या.

तिसरं, वाळूचा डबा. रानात ही मादी झाडावरून उतरून जमिनीत बीळ करते आणि अंडी पुरते. पिंजऱ्यात तिला ती जमीन आपण द्यायची. आम्ही एक उंच डबा घेतला, एक फूट लांब-रुंद, आणि त्यात जवळजवळ फूटभर वाळू भरली. लहान मुलांच्या खेळासाठी मिळते ती धुतलेली वाळू. आधी चाळून, निवडून घेतली. मग पाणी शिंपडून कालवली. अंदाज आपल्या स्वयंपाकघरातलाच: मुठीत दाबली तर लाडू वळला पाहिजे, पण पाणी सुटता कामा नये. बोटाने भोक पाडलं तर ते तसंच राहिलं पाहिजे. ती अख्खी आत शिरते, वरून वाळू ढासळली तर बीळ सोडून देते. डब्यात उतरायला एक फांदी तिरकी लावली.

आणि चौथं, सगळ्यात अवघड: तिच्याकडे बघायचं नाही. तिचे दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात, त्यामुळे मागे उभं राहिलं तरी तिला दिसतं. खणताना कोणी बघतंय असं वाटलं, की शत्रूला जागा कळली असं समजून ती अर्धवट बीळ टाकून वर येते. असं वरचेवर झालं तर अंडी आतच राहतात. आईंनी आपली जुनी सुती साडी काढली आणि पिंजरा चारी बाजूंनी झाकला, फक्त वरचे दिवे तेवढे मोकळे ठेवले. पाणी फवारायला सकाळ-संध्याकाळ एकच जण जायचं, तेही न बोलता. आईंनी तर ती मोकळी होईपर्यंत साखर सोडली.

पहिल्या दिवशी ती डब्यात उतरली, थोडं उकरलं आणि वर आली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोपऱ्यात खणलं, तेही सोडलं. तिसरा दिवस रविवार. मंदिरातल्या मैत्रिणी आमच्याकडे भक्तामर पाठाला येणार होत्या, आणि पिंजरा नेमका दिवाणखान्यात. आईंनी सकाळीच एकीला फोन करून पाठ तिच्या घरी हलवला. तरी दोघी जणी मोठ्या हौसेने दारात आल्या. "काकू, एक मिनिट साडी बाजूला करा ना, लांबूनच बघतो." आई दारातच उभ्या राहिल्या. "बाळंतिणीच्या खोलीत आपण कधी माणसं सोडली का गं? मोकळी झाली की या, तुम्हाला चहा पाजते." त्या हसून गेल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की दोन-तीन दिवस खणूनही अंडी आली नाहीत, किंवा ती दिवसा डोळे मिटून तळाशी पडून राहिली, डोळे खोल गेले, तर लगेच घेऊन या, थांबू नका. सकाळची वेळही घेऊन ठेवली होती. आई आतल्या खोलीत णमोकाराची माळ ओढत होत्या. लेक दहादा विचारायची, "फक्त एकदा बघू?" आणि दहादा तिला नाही म्हणावं लागलं. आजारी माणसाजवळ आपण बसतो, कपाळावर हात ठेवतो. इथे काळजी होती ती लांब राहण्यातच.

सकाळी फवारा घेऊन गेले, तर डब्यातली वाळू सपाट. इतकी नीट बुजवलेली, की तिथे बीळ होतं हे सांगूनही कोणाला खरं वाटलं नसतं. पिस्ता वरच्या फांदीवर बसलेली, तोंडाला वाळू, पोट आत गेलेलं, फासळ्या दिसत होत्या. मी पाणी फवारलं, तशी ती कितीतरी वेळ थेंबामागून थेंब चाटत राहिली. डॉक्टरीणबाईंना कळवलं. मग दुपारी हलक्या हाताने वाळू बाजूला केली. तळाशी अंडी होती, पांढरी, मऊ सालीची. मोजली तर 34. आईंनी त्या दिवशी शिरा केला आणि साखर सोडवली. पुढचे आठ-दहा दिवस पिस्ताला भरपूर पाणी, कॅल्शियम, जरा जास्त अन्न आणि पूर्ण शांतता दिली. हळूहळू तिचा पोपटी रंग परत आला.

ती अंडी घेऊन लेक आजीजवळ बसली आणि तिने विचारलं, "आजी, यात जीव नाही ना? मग शाळेतली मुलं म्हणतात तशी ही शाकाहारीच की." हा वाद आपल्या सगळ्यांच्या घरात येतो. कोंबडा नसताना घातलेलं अंडं, त्यात पिल्लू नाही, मग खाल्लं तर काय झालं? आपण आजवर त्याला शास्त्रातली उत्तरं देत आलो. आईंनी त्या दिवशी एवढंच सांगितलं, "अंड्यात नसेल गं जीव. पण अंडं घालणारीत आहे ना? परवा तिच्या फासळ्या पाहिल्यास की." कोंबडीच्या अंड्याचं कवचही तिच्या अन्नातून आणि हाडांतूनच येतं. या खेपेला लेकीने पुढे वाद घातला नाही. अंडी आम्ही परसात खोल खड्डा करून पुरली.

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार आपण ऐकतो. अन्न देणं, औषध देणं यात हाताला काम असतं, मनालाही बरं वाटतं. अभय देताना पुष्कळदा फक्त बाजूला व्हावं लागतं, आणि आपण बाजूला झालो हे कोणाला कळतही नाही. हे मी पिस्तापाशी शिकले. घरात पहिलटकरीण सून किंवा लेक असेल, तिलाही आपल्या सल्ल्यांपेक्षा कधी कधी लोटलेलं दार जास्त हवं असेल. विचार करून बघा.

शेवटी कळकळीने सांगते. हे वाचून कोणी सरडा पाळायच्या फंदात पडू नका. आपल्या भारतात तर घोयरा सरडा पकडणं आणि पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या मैत्रिणींनो, शेतात घोयऱ्याची फुगलेल्या पोटाची मादी जमिनीवर उतरलेली दिसली, तर ती बहुधा अंडी घालायला जागा शोधत असेल. तो विषारी नसतो, अंगावर येत नाही. मुलांना दगड मारू देऊ नका, कुत्र्याला लांब न्या, आणि तुम्हीही तिथून निघून जा. तिचं ती बघते.

जय जिनेंद्र.