तांबड्या मातीचे हत्ती

केनियाला जाऊन आलेली मंडळी बहुधा मसाईमाराच्या सिंहांविषयी बोलतात. माझ्या मनात मात्र राहिले ते त्सावोचे हत्ती. तेथील माती लाल. हत्ती ती सोंडेने अंगावर उधळून घेतो, चिखलात लोळतो, आणि ऊन वर आले की जणू भाजक्या विटेचाच घडवलेला असा समोर येऊन उभा राहतो.

त्सावोची पूर्व व पश्चिम ही दोन उद्याने मिळून सुमारे २२ हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश होतो. १९४८ साली तो राखीव झाला. पश्चिमेकडील म्झिमा झऱ्याचे पाणी मूळचे च्युलू टेकड्यांवरील पावसाचे. लाव्हाच्या सच्छिद्र खडकातून झिरपत ते येथे इतके नितळ होऊन प्रकटते की पाण्याखालच्या काचेच्या खोलीतून पाणघोडे पाहता येतात. हेच पाणी नळाने मोम्बासा शहरालाही जाते. आपल्या वाचकांपैकी ज्यांचे आप्त तेथे व्यापारात आहेत, त्यांनी ते नकळत प्यायलेही असेल.

आमची चौविहाराची अडचण तेथे अनायासे सुटली. विषुववृत्ताजवळ सूर्यास्त बाराही महिने साडेसहाच्या आसपास होतो आणि अंधार पडण्यापूर्वी पर्यटकांना परतावेच लागते. नैरोबीच्या मामेभावाने डब्यात खाकरे, ठेपले बांधून दिले होते. ते चार वाजताच, गाडीत बसून, संपवले जात. हालारातून गेलेल्या ओसवाल घरांची तेथे आता तिसरी-चौथी पिढी नांदते, त्यामुळे शाकाहार म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

परंतु व्यापारी माणसाने हत्तीकडे नुसते कौतुकाने पाहावे, एवढा आपला पूर्वेतिहास साधा नाही. पूर्व आफ्रिकेचा हस्तिदंत झांझीबार-मोम्बासाहून गलबतांतून मुंबईस येई. तेथून काही विलायतेस जाई, उरलेला चुड्यांसाठी कच्छ, गुजरात, मारवाडात. माझ्या आजीच्या लग्नातला असा चुडा आमच्या कपाटात आजही आहे. पाणी गाळल्याशिवाय ओठाला न लावणारी, मुंगी दिसली तर पाऊल मागे घेणारी ती बाई, आणि तिच्या दोन्ही हातांत हत्तीचा दात. दात मेलेल्या हत्तीचाच असतो, असे तिला कोणीतरी सांगितले असावे. तिला दोष द्यावा असे मला वाटत नाही; विचारण्याची जागा दुकानात होती, माजघरात नव्हे.

केनियात १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी दीड लाखाहून अधिक हत्ती होते. १९७७ मध्ये शिकारीवर बंदी आली, तरी चोरटी शिकार व दुष्काळ यांमुळे १९८९ पर्यंत जेमतेम सोळा हजार उरले. त्याच वर्षी जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी नैरोबी राष्ट्रीय उद्यानात जप्त केलेल्या १२ टन हस्तिदंताला स्वतः आग लावली. ती जागा आम्ही पाहिली. २०१६ साली तेथेच १०५ टन जाळण्यात आला.

मामेभाऊ म्हणाला, “तयार मालाला काडी लावायची? विकून तेच पैसे हत्तींच्या राखणीला लावायचे होते.” बाजारात वाढलेल्या कोणाच्याही तोंडी हेच येईल. पण बाजारात वाढलेल्यालाच त्याचे उत्तरही ठाऊक असते: चोख बिलाचा माल दुकानात असला की त्याच्या आडून चोरीचा खपतो, आणि दोन्ही एकदा कातले की कोणता कोणता हे कातणाऱ्यालाही सांगता येत नाही. १९८९ मध्येच आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीचा निर्णय झाला. २०२१ च्या गणनेत केनियात ३६ हजारांवर हत्ती मोजले गेले. यंदा पुतणीच्या लग्नात वहिनींनी चुडा बाहेर काढला होता. पुतणीने लाखेचा घातला. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत.

हत्ती जगवण्याची किंमत मात्र पर्यटक देत नाही, शेतकरी देतो. वोईजवळच्या सागाला भागात एका रात्रीत मक्याचे उभे शेत साफ होते. तेथे शेताच्या कडेने तारेवर मधमाश्यांच्या पेट्या टांगतात. हत्तीचा धक्का तारेला लागला की पेट्या हलतात, माश्या उठतात; एवढे धूड, पण त्यांना भिऊन मागे फिरते. हत्ती मरत नाही, मका बराचसा वाचतो, वर मध विकून चार पैसे येतात.

तो मध एका बाईंनी आम्हालाही दाखवला. आम्हाला मध का चालत नाही हे मामेभावाने स्वाहिलीत समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, बरणी उचलली आणि घायपाताच्या धाग्यांनी विणलेल्या टोपल्या पुढे मांडल्या. आम्ही तीन घेतल्या. भाव एक शिलिंगही कमी झाला नाही.