गाडीचं पायदान आणि आईचं मनगट



"डॉक्टर, गाडीला फूटस्टेप कोणता लावू?" असा प्रश्न मला दवाखान्यात कुणी विचारेल असं कधी वाटलं नव्हतं. आता तो अधूनमधून येतो, कारण विषय मीच काढतो. गुडघेदुखीचे पेशंट समोर बसले की मी विचारतो, "येताना कोणत्या गाडीतून आलात? चढताना कुणाचा हात धरावा लागला का?" आणि बरेच जण आधी हसतात, मग खरं सांगतात.

ही सवय मला एका चुकीतून लागली. चूक माझीच होती, म्हणून ती इथे लिहितो.

माझी आई ७१ वर्षांची. ती आणि वडील खेड तालुक्यात गावी दादाकडे राहतात. दादाकडे डबल केबिनची पिकअप आहे. मागे हौद्यात कांद्याच्या गोण्या चाकणच्या बाजाराला जातात, पुढे घरची माणसं लग्नकार्याला. आई पूर्वी महिन्यातून एकदा तरी सांगवीला आमच्याकडे यायची. मग येणं कमी झालं. विचारलं की म्हणायची, "अरे, इथं कामं पडलीत." वर्षभर मी ते खरं मानलं. दिवाळीत गावी गेलो तेव्हा तिनं हळूच सांगितलं, "तुमच्या त्या गाडीत मला कुणी मागनं ढकलल्याशिवाय चढता येत नाही. सुनेनं ढकलायचं आणि आळीनं बघायचं. नको वाटतं रे."

गुडघ्यांची झीज तिला होतीच. औषधं, व्यायाम मीच दिले होते. पण ती गाडीत कशी चढते, हे मी कधी पाहिलं नव्हतं. मी दादाला फोन केला, "फूटस्टेप बसवून घे." बस्स, एवढाच सल्ला. उंची किती, आकार कसा, काही सांगितलं नाही.

दादानं एका दुकानातून चकचकीत स्टीलचा गोल पाइप बसवून घेतला. गाडी झकास दिसू लागली. आषाढात आई त्यातून सांगवीला आली. भुरभुर पाऊस होता. मी छत्री घेऊन दोन पावलांवर उभा. तिनं ओल्या पाइपवर चप्पल टेकवली, चप्पल सटकली आणि ती उजव्या हातावर पडली. मनगट काट्यासारखं वाकडं झालं. मी डॉक्टर आणि माझ्या डोळ्यांदेखत.

मनगटच का मोडतं?

पडताना माणूस आपोआप हात पुढे टाकतो. सगळं वजन तळहातावर येतं आणि मनगटाजवळचं हाड मोडतं. पन्नाशीनंतर, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांमध्ये, हे फ्रॅक्चर फार दिसतं, कारण हाडं ठिसूळ झालेली असतात. उभ्या उंचीवरून किंवा त्याहूनही कमी उंचीवरून पडून हाड मोडलं, तर फक्त प्लास्टर घालून थांबू नका. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करावी का, हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा. आईची तपासणी मी त्या फ्रॅक्चरनंतर केली. ती आधीच करायला हवी होती.

आणखी एक गोष्ट. मनगटाला मार लागला की सूज चढण्याआधी अंगठी आणि बांगड्या काढा. आई ऐकेना. वडील समोर उभे असताना हातातला चुडा काढायचा म्हणजे तिला अशुभ वाटत होतं. शेवटी वडीलच म्हणाले, "वाढव त्या बांगड्या, बरी हो, नव्या भरू." तेव्हा कुठे तिनं हात पुढे केला. हाताखाली पुठ्ठा किंवा घडी केलेलं वर्तमानपत्र ठेवून सैलसर बांधा, हात गळ्यात अडकवा आणि दवाखाना गाठा. चोळू नका, ओढून बसवायला कुणाकडे नेऊ नका. आईचं प्लास्टर सहा आठवडे होतं.

उंच पायरी गुडघ्याला का जड जाते?

साधा जिना चढताना गुडघ्याच्या वाटीमागच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण तीन पट दाब येतो. ७० किलोच्या माणसाचा म्हणजे दोनशे किलोच्या आसपास. घरच्या जिन्याची पायरी साधारण सहा ते सात इंचांची असते. पायरी जितकी उंच, तितका गुडघा जास्त वाकतो आणि मांडीच्या स्नायूला तितका जास्त जोर लावावा लागतो. झीज झालेल्या गुडघ्यात नेमका हाच स्नायू दुबळा झालेला असतो. उतरताना तर तोच स्नायू ब्रेकसारखं काम करतो. म्हणून अनेकांना चढण्यापेक्षा उतरणं जास्त दुखतं.

आपल्याकडे सांगवी फाटा ते किवळे बीआरटीचं उदाहरण घ्या. थांब्याचा फलाट बसच्या मजल्याच्या बरोबरीला असतो. तिथे काठी घेतलेले आजोबाही सरळ चालत बसमध्ये जातात. गुडघे तेच असतात, फक्त पायरी नाहीशी झालेली असते.

टेप घेऊन मोजा

प्लास्टर घातल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि दादा टेप घेऊन गाडीजवळ बसलो. केबिनचा तळ जमिनीपासून २६ इंच. नवा पाइप १९ इंचांवर. म्हणजे आईला आधी १९ इंच पाय उचलायचा आणि मग फक्त ७ इंच. अवघड काम तसंच राहिलं होतं, वर सटकण्याची सोय झाली होती. त्या दिवशी जे शिकलो ते असं:

१. उंची: पायदान जमीन आणि केबिनचा तळ यांच्या साधारण मध्यावर यावं. आमच्या गाडीला १३ आणि १३. त्यासाठी खाली उतरलेलं, लोंबतं पायदान लागतं. मात्र शेतातल्या बांधाला किंवा गतिरोधकाला ते घासणार नाही ना, हे भरलेल्या गाडीत तपासा. माल भरला की गाडी खाली बसते.

२. रुंदी: गोल पाइप दिसायला छान, पण त्यावर पायाचा अगदी थोडा भाग टेकतो. सपाट आणि रुंद पट्टी घ्या, निम्म्याहून जास्त पाऊल मावेल अशी. वर खरखरीत जाळी किंवा रबर हवं आणि चिखल-पाणी खाली पडायला भोकं हवीत. खरेदीच्या वेळी पट्टीवर बाटलीतलं पाणी ओता आणि मग चप्पल घासून बघा. दुकानदार हसला तर हसू दे.

३. मजबुती: पायदान चेसिसला ब्रॅकेट आणि नटबोल्टनं बसवलेलं असावं. पत्र्याला भोकं पाडून बसवलेलं नको, आणि चेसिसवर वेल्डिंगही नको. घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला त्यावर उभं करा. वाकलं किंवा हललं, तर परत करा. नंतरही सर्व्हिसिंगच्या वेळी बोल्ट आवळून घ्या.

४. हाताला आधार: हे बहुतेक जण विसरतात. पायदान चांगलं असूनही धरायला काही नसेल, तर म्हातारं माणूस दार धरतं आणि दार हलतं. दाराच्या चौकटीत आतून पक्कं हँडल हवं. मागच्या सीटसाठीही हवं.

५. बाहेर किती: फार बाहेर आलेल्या पायदानाची कड नडगीला लागते. मधुमेह असलेल्यांनी याकडे नीट लक्ष द्या. नडगीवर मांस कमी, तिथली जखम मुळात सावकाश भरते. साखर वाढलेली असेल आणि पायाला बधिरपणा असेल, तर खरचटलेलं कळतही नाही आणि आठवड्यानं पू घेऊन माणूस येतो. कडा गोलसर असाव्यात. गर्दीच्या रस्त्यावर बाहेर आलेला लोखंडी दांडा शेजारच्या दुचाकीवाल्याच्या पायालाही लागू शकतो.

६. कायदा: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. म्हणून गाडीच्या कंपनीचंच अधिकृत पायदान मिळतंय का, ते आधी बघा. बाहेरून करून घेणार असाल, तर आरटीओत विचारून घ्या.

चढायचं कसं, उतरायचं कसं?

नियम सोपा आहे. दोन हात आणि दोन पाय, या चारपैकी तीन नेहमी कुठे ना कुठे टेकलेले हवेत. एका वेळी एकच हलवा. हातात पिशवी, मोबाइल काही नको, ते आधी आत ठेवा.

चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. उतरताना तोंड गाडीकडे ठेवा, शिडीवरून उतरतो तसं. जमिनीकडे तोंड करून घसरत उतरायची सवय सोडा. आणि गाडी कुठे थांबते तेही बघा. गावी दादा आता गाडी ओट्याला लावतो, इथे आम्ही फुटपाथच्या कडेला. जमीनच पाच-सहा इंच वर आली, तर गुडघ्याला तेवढंच सुख.

रोज गाडीवर असणाऱ्यांसाठी

चाकण-भोसरी पट्ट्यात पिकअप आणि छोटा हत्ती चालवणारे माझे बरेच पेशंट तिशी-चाळिशीतले आहेत. त्यांचे गुडघे चांगले असतात, म्हणून ते पायदान वापरतच नाहीत, सरळ उडी मारतात. दिवसातून वीस वेळा केबिनमधून आणि तितक्याच वेळा हौद्यातून. उडी मारून जमिनीवर आदळताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट धक्का घोटा, गुडघा आणि कंबर झेलतात. त्यातही दोन-तीन तास बसून आखडलेल्या पायांनी मारलेली उडी वाईट. खाली खडी असली की घोटा मुरगळतो. उतरण्याआधी केबिनमध्येच घोटे दहा वेळा वर-खाली करा आणि मग पायदानावरून उतरा. त्यात दहा-वीस सेकंद जातात. घोट्याच्या दुखापतीत रोजगाराचे आठवडे जातात.

आणि हो, पायदान चढण्या-उतरण्यासाठी आहे. चालत्या गाडीच्या पायदानावर उभं राहून कामगारांना नेऊ नका.

आमच्या गाडीला नंतर रुंद, खाली उतरलेलं जाळीचं पायदान आणि आत दोन हँडल बसवली. आई सकाळी खुर्चीवरून हात न टेकवता दहा वेळा उठते-बसते. मांडीच्या स्नायूसाठी हा व्यायाम मी सांगितलेला, पण गाडीत स्वतः चढायचं म्हणून ती तो आता मन लावून करते. गेल्या महिन्यात ती सांगवीला आली. मी हात द्यायला पुढे झालो, तर म्हणाली, "बाजूला हो, मला दांडा दिसू दे."

मंडळी, तुमच्या घरातलं कुणी वयस्कर माणूस अलीकडे "नको, तुम्हीच जाऊन या" असं वारंवार म्हणत असेल, तर कारण विचारू नका. ते सांगणार नाहीत. त्यांना गाडीत चढताना एकदा नुसतं बघा. आणि मग टेप घेऊन बसा.

काळजी घ्या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या दुखण्यासाठी आपल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा.)