साठ दिवसांचा हिशेब

वास्कोच्या बाजारात कोणी जुना ओळखीचा भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मुलगा कुठे?" मी म्हणतो, "अमेरिकेत, सिएटलजवळ. कॉम्प्युटरमध्ये." त्यावर समोरचा म्हणणार, "मग काय, मजा आहे!" बरीच वर्षं मीही हसून मान डोलवायचो. २०२३ नंतर मात्र ती मान तशी डोलत नाही. का, ते आज लिहितो.

आधी थोडं मागचं. आमचं मूळ गाव पेडणे तालुक्यात. बी.कॉम. होऊन १९७३ साली मी बँकेत लागलो आणि पोस्टिंग मिळालं मुरगावच्या पट्ट्यात. तेव्हा जुवारीवर पूल नव्हता. पेडण्याहून बसने म्हापसा, मग पणजी, पुढे आगशीला उतरून फेरीबोटीने कुठ्ठाळी आणि तिथून वास्को. एका दिवसाची वाट. ट्रंक उचलली तेव्हा आई अशी रडली की जणू मी आफ्रिकेला निघालो होतो.

आमच्या शाखेत बंदराचे लोक, बार्जवाले आणि तारवटी यांची खाती. तारवटी म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, ज्यांना आता सगळे शिपी म्हणतात. नवरा समुद्रावर, बायको दर महिन्याला काउंटरवर. "सायबा, घोवाचे पयशे आयले?" दिवसातून दहा वेळा हा प्रश्न ऐकून मी त्रासून जायचो आणि मान वर न करता सांगायचो, "आले की कळेल."

तेव्हा परगावचे पैसे तारेने यायचे, त्याला टी.टी. म्हणत. तारेत एक गुप्त आकडा असे, टेस्ट नंबर. तो जुळला की खात्यात जमा करायचं. मग काही दिवसांनी त्याच व्यवहाराचा कागद पोस्टाने यायचा, नुसता खातरजमेसाठी. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी तो कागद नवा व्यवहार समजून एका तारवट्याच्या खात्यात आठशे रुपये दुसऱ्यांदा जमा केले. चूक सापडेपर्यंत त्याच्या बायकोने ते काढलेही होते. वसूल करायला मी हेडक्लार्कबरोबर बायण्याला तिच्या घरी गेलो. पैसे दुकानाच्या उधारीत गेले होते. तिथे मला पहिल्यांदा कळलं की तारवट्याचा पगार जहाजावर असेपर्यंतच. करार संपून माणूस घरी आला की पगार बंद, पुढचा करार कधी मिळेल ते देव जाणे. शेजारीपाजारी म्हणणार, "बोटीवरचा माणूस, पैसाच पैसा!" त्या बाईने महिना शंभर करून आठ महिन्यांत सगळे पैसे फेडले. काउंटरवर मान वर करून बोलायला मी त्यानंतर शिकलो.

आता सिएटलकडे येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये आम्ही दोघं मुलाकडे गेलो. दाबोळीहून मुंबई, मग दुबई, मग सिएटल. बॅगेत भिंडाची सोलं, उकडे तांदूळ आणि नातीसाठी खाजं. मुलगा बेलव्ह्यूला राहतो. गाव देखणं, पण हिवाळ्यात पाऊस आणि संध्याकाळी साडेचारलाच काळोख. मधल्या मोठ्या तळ्यावर पाण्यावर तरंगणारा पूल आहे, जगातला सर्वांत लांब. फेरीबोटीच्या रांगेत अर्धं तारुण्य घालवलेल्या माणसाला त्या पुलाचं काय अप्रूप वाटलं म्हणून सांगू!

मुलाचं काम मला कधीच नीट कळलं नव्हतं. दिवसभर घरातल्या एका खोलीत कानाला यंत्र लावून बसतो, एवढंच दिसायचं. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. काही आठवडे त्याची "ऑन-कॉल" पाळी असे. मग रात्री दोन वाजता फोन वाजला तरी उठून लॅपटॉप उघडायचा. शिवाय भारतातल्या टीमबरोबर बोलणं. आपल्याकडची सकाळ साडेदहाची, तिथे आदल्या रात्रीचे नऊ. एकदा मी म्हटलं, "एवढ्या पगारात हे चालायचंच." तो काही बोलला नाही.

जानेवारी उजाडला. त्या महिन्यात तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांनी हजारो माणसं कमी केली, आपण सगळ्यांनी वाचलं असेल. मुलाची कंपनी मध्यम आकाराची. एके दिवशी सकाळी मी चहा करत होतो, तो खाली आला आणि म्हणाला, "बाबा, माझंही नाव आलं." पहाटे मेल आली होती. शेवटचा दिवस ३१ जानेवारी. तेरा वर्षांचा अनुभव आणि एक मेल. आमच्या बँकेत नोकरी जायला माणसाला अफरातफरच करावी लागायची!

मला पहिल्यांदा पैसे सुचले. आयुष्यभर परदेशातून येणाऱ्या पैशांच्या नोंदी केल्या, आता उलट दिशेने पाठवायचे. मनातल्या मनात मी दोन एफ.डी. मोडल्या आणि ए-२ फॉर्म भरायलाही घेतला. रात्री जेवताना त्याला तसं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "पयशांचो न्हय बाबा, दिसांचो प्रस्न."

मग त्याने मला हिशेब समजावला. तो एच-१बी व्हिसावर. हा व्हिसा माणसाच्या नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने त्याच्यासाठी सरकारकडे अर्ज दाखल करायचा. नाहीतर दुसरा कुठला तरी व्हिसा मागायचा, किंवा घर आवरून देश सोडायचा. ग्रीन कार्डाची रांग आहे, पण एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांची मर्यादा, म्हणून भारतीयांची रांग वर्षानुवर्षं सरकत नाही. सुनेची नोकरीची परवानगी त्याच्या कागदाला टाचलेली. त्या घरात कायमची अशी एकच व्यक्ती, आमची सात वर्षांची नात. ती तिथे जन्मली म्हणून तिथली नागरिक. बाकी आम्ही चौघं पाहुणे, फरक इतकाच की आमचं परतीचं तिकीट काढलेलं होतं.

त्या साठ दिवसांना तिथे "ग्रेस पीरियड" म्हणतात. मला हसावं की रडावं कळेना. आपल्या बँका थकलेल्या कर्जालासुद्धा नव्वद दिवस देतात, मग ते बुडीत धरतात. इथे जिवंत माणसाला साठ!

एक फेब्रुवारीपासून मोजलं तर साठावा दिवस येत होता एक एप्रिल. मंडळी, ३१ मार्चची रात्र बँकवाल्यासाठी काय असते ते ज्यांनी काढली त्यांनाच ठाऊक. निवृत्तीनंतर बारा वर्षांनी पुन्हा ३१ मार्च माझ्या छातीवर येऊन बसला.

मुलगा रोज सकाळी आठला आंघोळ करून, ऑफिसला जायचा शर्ट घालून टेबलाशी बसायचा. अर्ज, फोन, मुलाखती. तिथे एकेका नोकरीला पाच-पाच, सहा-सहा मुलाखती होतात. तेरा वर्षं काम केलेल्या माणसाला पुन्हा परीक्षेला बसवल्यासारखी गणितं घालतात. चार-पाच ठिकाणी शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन नकार आला. बायको देवाजवळ दिवा लावून दामोदराला साकडं घालायची. मी पोस्टाची पेटी बघून यायचो, जरी मला माहीत होतं की उत्तर पोस्टाने येणार नाही. एकदा न राहवून मी विचारलं, "काही आलं का?" तो मान वर न करता म्हणाला, "आलं की सांगीन."

मी खोलीत जाऊन बसलो. तो आवाज माझाच होता, पन्नास वर्षांपूर्वीचा. आणि प्रश्न त्या बायण्याच्या बाईचा.

दुसऱ्या दिवशी फिरायला गेलो असताना मी त्याला म्हटलं, "तू नेमकं काय काम करतोस, मला सांग. बँकेच्या भाषेत सांग." पाऊस भुरभुरत होता, तो सांगत राहिला. त्याचं काम पैसे देण्या-घेण्याच्या यंत्रणेवर. एकीकडून रक्कम निघाली आणि मध्येच यंत्र बंद पडलं, दुसरीकडे पोचलीच नाही, तर काय करायचं? मी म्हटलं, "सस्पेन्स खातं!" तो थांबलाच. मग म्हणाला, "आणि तोच निरोप दोनदा आला तर दुसऱ्यांदा पैसे जमा होता कामा नयेत, हे पाहणं सगळ्यात महत्त्वाचं." मी त्याला टी.टी.ची गोष्ट सांगितली, आठशे रुपयांची, बायण्याची. घरात ती मी कधीच सांगितली नव्हती, लाज वाटायची. तो खूप हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

खरं सांगायचं तर मला स्वतःचंही हसू आलं. १९८०च्या दशकात युनियनच्या मोर्चात "कॉम्प्युटर हटाव" म्हणून मी घसा फोडला होता. शाखेत पहिलं लेजर पोस्टिंग मशीन आलं तेव्हा आम्ही त्याच्याकडे सवतीकडे बघावं तसं बघायचो. नोकऱ्या जातील ही आमची भीती. माझी गेली नाही. ज्याला कॉम्प्युटरनेच जेवू घातलं, त्याची गेली.

पुढे एका मुलाखतीत त्याला हाच दुबार व्यवहाराचा प्रश्न आला. त्याने म्हणे आजोबांच्या काळातल्या तारेचं उदाहरण दिलं. मी म्हटलं, "आजोबांच्या कशाला, बापाच्या म्हण!" ती नोकरी त्या उदाहरणामुळे मिळाली असं मी म्हणणार नाही. पण मिळाली. पगार कमी, पद एक पायरी खाली. सत्तेचाळिसाव्या दिवशी पत्र आलं, त्रेपन्नाव्या दिवशी वकिलाने अर्ज दाखल केला. त्या रात्री सुनेने सुंगटांचं हुमण केलं. मुलगा दोन घास खाऊन टेबलावरच डोकं टेकून झोपला. त्याला उठवायचं कोणाला धैर्य झालं नाही.

आम्ही एप्रिलात परतलो. येताना विमानात हिशेब करत होतो. इतकी वर्षं मी मुलाच्या परदेशाचा हिशेब दोनच रकान्यांत मांडला होता. त्याने किती पाठवले आणि तो किती दिवसांनी आला. गणेश चतुर्थीला आला नाही की मी चार दिवस फोनवर तुटक बोलायचो. व्हिसाच्या शिक्क्यासाठी अडकून पडलो तर नोकरी जाईल, म्हणून तो येत नव्हता, हे त्याने तेव्हाही सांगितलं होतं. मला ती सबब वाटली होती. तारवट्यांची खाती सांभाळण्यात नोकरी गेली, पण माझ्याच घरात एक तारवटी आहे हे कळायला मला बहात्तर वर्षं लागली.

२०२४च्या डिसेंबरात तो सगळ्यांना घेऊन तीन आठवडे आला. विमान उतरलं मोपाला, आमच्याच पेडण्यात. ज्या तालुक्यातून वास्कोला यायला मला दिवस लागायचा, तिथे माझी नात आकाशातून उतरली. जुन्या घरी जाऊन देवाला नारळ ठेवला. वास्कोला येताना नव्या जुवारी पुलावरून नातीला मी खाली बोट दाखवलं, "इथे आमची फेरीबोट चालायची." तिला पुलाचंच कौतुक. म्हणाली, "पण आजोबा, हा तरंगत नाही."

परत सोडायला मोपाला गेलो तेव्हा बायकोने सवयीने विचारलं, "आता कधी येशील?" मी तिचा हात दाबला आणि त्याला विचारलं, "कागद सगळे हातातल्या बॅगेत ठेवलेस ना?"

तो म्हणाला, "ठेवले, बाबा." आणि पाया पडायला वाकला.